‘ह्याला किती मिळाले?’ : डॅलसच्या एका बंद पडलेल्या स्पर्धेची गोष्ट

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आजोबांना मोबाइलवर जुन्या मॅचेस लावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते अठ्ठ्याऐंशीचे. ऐकू कमी यायचं, पण नजर शाबूत. खुर्चीच्या हातावर मोबाइल उभा करायचा, चष्मा पुसून द्यायचा आणि मागे बसायचं.

एका दुपारी यूट्यूबने आपणहून एक क्लिप पुढे केली. १९७२, डॅलस. केन रोजवॉल आणि रॉड लेव्हर. धुरकट रंग, लाकडी रॅकेटी, बंदिस्त हॉल, आणि शेवटचा टायब्रेक. आजोबा पुढे झुकून बघत होते. रोजवॉलने बॅकहँडवर एक रिटर्न मारला, मग तसाच दुसरा. मॅच संपली, हॉल उठून उभा राहिला. मला वाटलं आजोबा आता ‘काय बॅकहँड आहे!’ म्हणतील. त्यांनी मागे वळून विचारलं, “ह्याला किती मिळाले?”

मी शोधून सांगितलं, “पन्नास हजार डॉलर.”

“विम्बल्डनला किती असायचे?”

“त्या वर्षी पाच हजार पौंड. पण ह्या दोघांना त्या वर्षी विम्बल्डन खेळूच दिलं नाही.”

“का?”

“ह्या डॅलसवाल्यांशी करार करून, पैसे घेऊन खेळायचे म्हणून.”

आजोबा हसले. “म्हणजे आमच्यासारखंच की.”

आजोबा पुण्यातल्या एका जिमखान्यात मार्कर होते. मार्कर म्हणजे काय, हे आज टेनिस खेळणाऱ्या पोरांनाही सांगावं लागतं. सभासदाला जोडीदार नसेल तर नेटच्या पलीकडे उभा राहून त्याच्याशी खेळणारा पगारी माणूस. सकाळी लाल मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीच्या रेषा आखायच्या. मग सभासद येतील तसं खेळायचं, दुपारी रॅकेटींचं गटिंग करायचं, संध्याकाळी परत कोर्टावर. आजोबा जिमखान्यातल्या बहुतेक सभासदांना हरवू शकत होते. पण जिमखान्याच्या स्पर्धेत त्यांना नाव देता यायचं नाही. एकदा एका भल्या सभासदाने त्यांचं नाव परस्पर घातलं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच्या यादीत त्यावर रेघ होती. कारण एकच : मार्कर हा ‘प्रोफेशनल’. तो खेळाचे पैसे घेतो.

त्या दुपारपासून डॅलसची ती स्पर्धा माझ्या डोक्यात बसली. तिचं नाव ‘डब्ल्यूसीटी फायनल्स’. १९७१ ते १९८९ अशी एकोणीस वर्षं ती चालली. एके काळी जगातल्या मोठ्या टेनिस स्पर्धांत तिची गणना व्हायची, आणि आज टेनिस आवडीने बघणाऱ्यांतही ती फार थोड्यांना माहीत असते. तिची गोष्ट सांगायची तर आधी त्या यादीवरच्या रेघेबद्दल बोलायला हवं.

हौशी म्हणजे कोण?

१९६८ च्या आधी टेनिसमध्ये दोन जाती होत्या. एक हौशी, म्हणजे अमॅच्युअर. दुसरी व्यावसायिक, म्हणजे प्रोफेशनल. विम्बल्डन, फ्रेंच, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन या चारही मोठ्या स्पर्धा आणि डेव्हिस कप फक्त हौशींसाठी. बक्षिसाचे पैसे नाहीत. कप घ्यायचा, हात मिळवायचा, घरी जायचं.

कल्पना ऐकायला फार उदात्त आहे : खेळ खेळासाठी. पण पैसे न घेता वर्षभर जगभर खेळत हिंडणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरी आधीच आहे त्याला. बाकीच्यांसाठी मागचा दरवाजा होता. आयोजक ‘खर्चापोटी’ म्हणून पाकीट सरकवायचे, खेळाडू ते खिशात घालायचे आणि सगळे मिळून हौशीपणाचं नाटक चालवायचे. इंग्रजीत या लबाडीला ‘शॅमॅच्युअरिझम’ असं नाव पडलं होतं. गंमत अशी, की चोरून पैसे घेणारा पवित्र राहायचा आणि उघडपणे घेणारा बाटायचा.

बाटलेल्यांची यादी बघा. रोजवॉल १९५७ च्या सुरुवातीला व्यावसायिक झाला आणि पुढची अकरा वर्षं त्याला विम्बल्डनचं दार बंद राहिलं. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तेहतिसाव्यापर्यंत. लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, मग तो व्यावसायिक झाला आणि १९६३ ते १९६७ बाहेर बसला. म्हणजे त्या काळातले दोन सर्वोत्तम खेळाडू आपल्या ऐन उमेदीत त्या स्पर्धांत नव्हतेच. जॅक क्रेमरसारख्यांनी चालवलेल्या ताफ्याबरोबर ते गावोगाव फिरायचे, मिळेल त्या हॉलमध्ये खेळायचे. थोडंफार आपल्या तमाशाच्या फडासारखं : आज इथे मुक्काम, उद्या तिथे.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात येऊन गेला होता. रामनाथन कृष्णन यांना क्रेमरने व्यावसायिक होण्यासाठी करार देऊ केला होता. कृष्णन यांनी तो नाकारला. स्वीकारला असता तर १९६० आणि १९६१ ची विम्बल्डनची उपांत्य फेरी झाली नसती, आणि १९६६ मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला त्या संघातही ते नसते. देश किंवा पैसा, दोन्हीतलं एकच निवडायचं, असा तो काळ.

कृष्णन यांना निवड तरी होती. आजोबांसारख्या मार्करला तीही नव्हती. त्यांना पगार मिळत होता तो रोज दोन वेळा कोर्टावर उभं राहण्याचा, आणि त्या पगारानेच त्यांना ‘प्रोफेशनल’ ठरवलं. जगातली ही भिंत बांधली होती श्रीमंत माणसांनी, आणि तिच्या एकाच बाजूला लेव्हर, रोजवॉल आणि पुण्यातला एक मार्कर उभे होते. आजोबांचं ‘आमच्यासारखंच’ मला वाटलं होतं तितकं गमतीचं नव्हतं.

तेलवाल्याचा पोरगा आणि देखणे आठ

ही भिंत पाडायला एकच माणूस पुढे आला असं नाही. १९६७ च्या ऑगस्टमध्ये खुद्द विम्बल्डनने आपल्या कोर्टावर व्यावसायिकांची एक वेगळी स्पर्धा भरवून पाहिली. लेव्हरने त्यात रोजवॉलला हरवलं आणि लोकांनी गर्दी केली. पण त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडत होती.

न्यू ऑर्लिन्सचा डेव्ह डिक्सन नावाचा एक उद्योगी माणूस, टेक्ससचा लमार हंट आणि हंटचा भाचा अल हिल ज्युनियर यांनी मिळून ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस’ नावाची कंपनी काढली. हंट हा तेलसम्राट एच. एल. हंटचा मुलगा. अमेरिकन फुटबॉलची प्रस्थापित लीग त्याला संघ देईना, म्हणून १९६० मध्ये त्याने स्वतःचीच वेगळी लीग उभी केली होती. ‘सुपर बोल’ हे नावही त्यानेच सुचवलं, मुलांच्या ‘सुपर बॉल’ नावाच्या खेळण्यावरून. प्रस्थापितांनी दार लावलं की शेजारी दुसरं घर बांधायचं, ही त्याची पद्धत.

डब्ल्यूसीटीने आठ खेळाडू करारबद्ध केले : जॉन न्यूकम, टोनी रोश, निकोला पिलिच, रॉजर टेलर, पिएर बार्तेस, क्लिफ ड्रायस्डेल, डेनिस राल्स्टन आणि बुच बुखोल्झ. जाहिरातीत त्यांना नाव दिलं ‘हँडसम एट’, देखणे आठ. न्यूकम तर १९६७ चा विम्बल्डनविजेता. विजेताच निघून गेला, तर पुढच्या वर्षी विम्बल्डन कोणाला बोलावणार?

त्याच डिसेंबरमध्ये ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी-व्यावसायिक भेद रद्द करायचा ठराव केला. मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनेही काही स्पर्धा सर्वांना खुल्या करायला मान्यता दिली. एप्रिलमध्ये बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली. तिथे रोजवॉलने लेव्हरला हरवलं. उन्हाळ्यात लेव्हर विम्बल्डनला परत आला, जिंकला आणि त्याला दोन हजार पौंड मिळाले. उघडपणे, सगळ्यांसमोर.

डब्ल्यूसीटीची स्वतःची सुरुवात मात्र फजितीची. १९६८ च्या आरंभी या आठ जणांचा ताफा कॅन्सस सिटीसारख्या शहरांत फिरला. पांढऱ्याऐवजी रंगीत कपडे, लोकांना पटकन कळेल अशी वेगळी गुणपद्धत, आणि प्रेक्षकांना सांगितलेलं की गप्प बसू नका, ओरडा. प्रेक्षक फारसे आलेच नाहीत. डिक्सन बाहेर पडला. हंट आणि हिल मागे राहिले. वेल्समधला माजी खेळाडू माइक डेव्हिस कारभार बघायला आला आणि त्याने या उधळलेल्या कल्पनेला शिस्त लावली.

रंगीत कपडे, गोंगाट, टीव्हीसाठी आखलेला खेळ. हे वाचताना तुम्हाला कोणाची आठवण होते? कॅरी पॅकरने क्रिकेटमध्ये हेच केलं, पण १९७७ मध्ये. आयपीएल आली २००८ मध्ये. टेनिसवाले त्या वाटेवर पॅकरच्याही जवळपास दहा वर्षं आधी गेले होते.

दहा लाख डॉलरची यात्रा

१९७० मध्ये डब्ल्यूसीटीने आपली प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. तिच्याबरोबर लेव्हर, रोजवॉल, रॉय इमर्सन हे सगळे आले. मग १९७१ साठी डेव्हिसने जो आराखडा मांडला तो आज आपल्याला अगदी साधा वाटेल : बत्तीस खेळाडू, वीस स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेला पन्नास हजार डॉलरची बक्षिसं. म्हणजे एकूण दहा लाख. प्रत्येक स्पर्धेत गुण मिळणार, आणि वर्षाअखेर गुणांत वरच्या आठ जणांची बाद फेरी. तिच्या विजेत्याला एकट्याला पन्नास हजार.

तुलनेला एक आकडा पुरे. त्याच वर्षी न्यूकमने विम्बल्डन जिंकलं तेव्हा त्याला मिळाले तीन हजार सातशे पन्नास पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण नऊ हजार डॉलर. आणि त्याच १९७१ मध्ये टेनिस खेळून कारकिर्दीत दहा लाख डॉलर मिळवणारा लेव्हर हा पहिला खेळाडू ठरला.

गुण जमवत वर्षभर खेळायचं आणि शेवटी वरच्या आठांची लढत, हे आता टेनिसमध्ये इतकं मुरलंय की ते कोणीतरी कधीतरी नव्याने आखलं होतं हेच आपण विसरतो. खेळाडूला फक्त एक चांगला पंधरवडा पुरत नव्हता, पूर्ण मोसम टिकावं लागत होतं. प्रेक्षकाला प्रत्येक स्पर्धेत हिशेब ठेवायला काहीतरी मिळत होतं. आणि टीव्हीवाल्यांना मोसमाला एक शेवट मिळत होता.

दुसरी महत्त्वाची गोष्ट छप्पर. पाऊस आला की मॅच थांबते, आणि थांबलेली मॅच टीव्हीला नको असते. म्हणून बास्केटबॉलचे हॉल घ्यायचे, जमिनीवर गालिच्यासारखं कृत्रिम कापड अंथरायचं, त्यावर रेषा, मधे जाळी. स्पर्धा संपली की गुंडाळी करून पुढच्या गावी. आपल्याकडे मांडववाले सतरंज्या गुंडाळतात तसं. या ‘कार्पेट’वर बॉल जलद आणि सपाट यायचा, सर्व्हिस मारून नेटकडे धावणाऱ्यांचं फावायचं. हवा नाही, ऊन नाही, मातीचा ठिसूळपणा नाही. उरायचे ते फक्त दोन माणसांचे हात. आता हा प्रकारही गेला. २००९ पासून एटीपीच्या मुख्य स्पर्धांत कार्पेट नाही.

पहिली अंतिम लढत नोव्हेंबर १९७१ मध्ये डॅलसच्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये झाली. लेव्हर गुणांत अव्वल होता. जिंकला सदतिशीचा रोजवॉल, चार सेटमध्ये. सहा महिन्यांतच वेळापत्रक बदलून दुसरी लढत मे महिन्यात घेतली, आणि पुन्हा तेच दोघे समोर आले.

१४ मे १९७२

या वेळी जागा होती सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं मूडी कोलिसियम. एनबीसीवर थेट प्रक्षेपण. अमेरिकेत दोन कोटींहून अधिक लोकांनी ही मॅच पाहिली असा अंदाज सांगितला जातो. तोवर टेनिस हा अमेरिकेत क्लबातल्या लोकांचा खेळ समजला जायचा.

पहिला सेट लेव्हरचा, ६-४. दुसरा रोजवॉलचा, ६-०. तिसराही त्याचाच, ६-३. चौथा टायब्रेकवर लेव्हरने घेतला. पाचवा सेट सहा-सहावर आला आणि पुन्हा टायब्रेक. खेळ सुरू होऊन साडेतीन तास होत आलेले. टायब्रेकमध्ये लेव्हर ५-४ ने पुढे आणि पुढच्या दोन सर्व्हिस त्याच्याच हातात. जगातली सगळ्यात भरवशाची डावखुरी सर्व्हिस, दोन गुण, आणि पन्नास हजार डॉलर.

रोजवॉलने दोन्ही सर्व्हिस बॅकहँडवर परत मारल्या. दोन्हींवर लेव्हरला काही करता आलं नाही. ६-५. आता सर्व्हिस रोजवॉलची, आणि त्याची सर्व्हिस म्हणजे कोणाला भीती वाटावी अशी गोष्ट कधीच नव्हती. लेव्हरचा रिटर्न चुकला. तीन तास चौतीस मिनिटं.

मी ती क्लिप नंतर खूपदा पाहिली. त्यात मला काय दिसतं सांगू? अकरा वर्षं बंदी भोगलेला माणूस आणि पाच वर्षं भोगलेला माणूस. दोघांची उमेद हॉलमागून हॉल फिरण्यात, थोड्या प्रेक्षकांसमोर एकमेकांशी शेकडो वेळा खेळण्यात गेलेली. आणि त्या सगळ्या न पाहिलेल्या मॅचेसचा सराव शेवटी एका दुपारी कॅमेऱ्यासमोर बाहेर आला. रोजवॉलने विम्बल्डन कधीच जिंकलं नाही. चार वेळा अंतिम फेरीत हरला. लेव्हरने जिंकायचं ते सगळं जिंकलं, पण डॅलस कधीच नाही.

पुन्हा रेघ

सहा आठवड्यांनी विम्बल्डन सुरू झालं तेव्हा दोघेही तिथे नव्हते. आंतरराष्ट्रीय संघटना आणि डब्ल्यूसीटी यांच्यात खेळाडूंवर हक्क कोणाचा, कमाईतला वाटा कोणाला, यावरून भांडण पेटलं होतं. संघटनेने १९७२ च्या सुरुवातीपासून डब्ल्यूसीटीच्या करारबद्ध खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून वगळलं. एप्रिलमध्ये तडजोड झाली : वर्षाचे पहिले काही महिने डब्ल्यूसीटीचे, उरलेले संघटनेच्या ग्रांप्रीचे. पण ती त्या उन्हाळ्यापुरती उशिराच झाली. १९७० आणि १९७१ चा विजेता न्यूकम आपलं विजेतेपद राखायलाही जाऊ शकला नाही.

या रेघेचा परिणाम मात्र वेगळाच झाला. दोन मालकांच्या भांडणात आपण चिरडले जातोय हे खेळाडूंना कळलं. सप्टेंबर १९७२ मध्ये अमेरिकन ओपनच्या वेळी त्यांनी स्वतःची संघटना काढली, एटीपी. पहिला अध्यक्ष क्लिफ ड्रायस्डेल, देखण्या आठांपैकी एक. कारभार बघायला जॅक क्रेमर. पुढच्याच वर्षी डेव्हिस कप खेळला नाही म्हणून युगोस्लाव्ह संघटनेने पिलिचवर बंदी घातली. तोही आठांपैकीच. विम्बल्डनने ती बंदी मानली, आणि एक्क्याऐंशी खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. आठांपैकी रॉजर टेलर ब्रिटिश होता. त्याच्यावर घरचा दबाव होता. तो खेळला. म्हणजे एकाच जाहिरातीतल्या दोन माणसांची नावं त्या वादाच्या दोन टोकांना लागली.

आणि एक रेघ अशी, जी या स्पर्धेने स्वतःच ओढली होती. डॅलसमध्ये बायका नव्हत्या. त्याच टेक्ससमध्ये, ह्यूस्टनला, सप्टेंबर १९७० मध्ये बिली जीन किंगसह नऊ जणींनी ग्लॅडिस हेल्डमनबरोबर एकेका डॉलरच्या करारावर सही केली आणि स्वतःची वेगळी स्पर्धा खेळली, कारण पुरुषांच्या तुलनेत त्यांना मिळणारे पैसे हास्यास्पद होते. पैशाचा प्रश्न उघडपणे विचारायला शिकवणाऱ्या हंटच्या दौऱ्याला हा प्रश्न मात्र आपला वाटला नाही.

आर्थर, विजय आणि पन्नास हजारांचं सामान्य होणं

१९७५ चा विजेता आर्थर ॲश. अंतिम लढतीत त्याने अठरा वर्षांच्या बियाँ बोर्गला हरवलं. पहिला सेट गमावून, शेवटचा ६-० असा घेऊन. दोन महिन्यांनी त्याने विम्बल्डनही जिंकलं, जिमी कॉनर्सला हरवून. ॲश त्या वेळी एटीपीचा अध्यक्ष होता. वर्णभेदामुळे लहानपणी घराजवळच्या गोऱ्यांच्या कोर्टांवर पाय ठेवू न शकलेला मुलगा, आता खेळाडूंच्या वतीने वाटाघाटी करत होता. यादीवरच्या रेघा त्याला वेगळ्या समजावून सांगायची गरज नव्हती.

आपला माणूसही या गोष्टीत आहे. डब्ल्यूसीटी दुहेरीची स्वतंत्र अंतिम स्पर्धाही भरवायची. १९७७ मध्ये कॅन्सस सिटीत ती जिंकली विजय अमृतराज आणि डिक स्टॉक्टन यांनी. जिथे नऊ वर्षांपूर्वी देखण्या आठांना प्रेक्षक मिळाले नव्हते, त्याच शहरात. रामनाथन कृष्णन यांच्या पुढच्याच पिढीतले विजय डेव्हिस कपही खेळले आणि बक्षिसाचे पैसेही मिळवले. कोणी त्यांना निवड करायला सांगितलं नाही. मधल्या अठरा-वीस वर्षांत टेनिस किती बदललं ते या दोन मद्रासी खेळाडूंकडे बघून जितकं कळतं तितकं नियमांची पुस्तकं वाचून कळत नाही.

विजेत्यांची यादी भारी होत गेली. बोर्ग, कॉनर्स, गेरुलायटिस, मॅकेन्रो, लेंडल, बेकर. १९८० पासून स्पर्धा डॅलसच्या नव्या रीयुनियन अरीनात गेली. १९८३ ला मॅकेन्रोने लेंडलला पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं. पण तेव्हा रोजवॉल-लेव्हरसारखा देश थांबला नाही. कारण सोपं आहे. पन्नास हजार डॉलर आता कोणालाच धक्का देत नव्हते. विम्बल्डन, अमेरिकन ओपन, सगळीकडे बक्षिसं वाढली होती. ग्रांप्रीची स्वतःची मोसमाअखेरची ‘मास्टर्स’ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायची, तीही बंदिस्त, तीही आठांच्या धर्तीवर. डॅलसने जे वेगळं म्हणून विकायला काढलं होतं ते सगळ्यांनीच दुकानात मांडलं.

हंटने १९८२ मध्ये पुन्हा वेगळा दौरा काढून पाहिला, मग संघटनांवर खटला भरला, मग तडजोड करून ग्रांप्रीत परतला. पण जोर गेला होता.

पार्किंगमधली पत्रकार परिषद

शेवटचा धक्का ना विम्बल्डनने दिला, ना आंतरराष्ट्रीय संघटनेने. तो दिला खेळाडूंनी.

१९८८ च्या अमेरिकन ओपनमध्ये एटीपीला आपली योजना जाहीर करायची होती. आयोजकांनी आतली जागा नाकारली. म्हणून एटीपीचा प्रमुख हॅमिल्टन जॉर्डन गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये माइक लावून उभा राहिला. हा पूर्वी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा चीफ ऑफ स्टाफ. त्याच्याबरोबर मॅट्स विलँडर होता, टिम मेयॉट होता. मेयॉट १९८५ मध्ये डॅलसचा उपविजेता. घोषणा अशी, की १९९० पासून पुरुषांचा दौरा खेळाडू आणि स्पर्धांचे आयोजक मिळून स्वतः चालवतील.

म्हणजे आता ग्रांप्री नको आणि डब्ल्यूसीटीही नको. १९८९ च्या सुरुवातीला डॅलसमध्ये शेवटची स्पर्धा झाली. मॅकेन्रोने ब्रॅड गिल्बर्टला हरवून तिथलं पाचवं विजेतेपद घेतलं. त्यानंतर ती कधीच झाली नाही. पाठोपाठ कंपनीचाही गाशा गुंडाळला गेला. एटीपीचा नवा दौरा सुरू झाला तेव्हा तिच्या प्लेअर कौन्सिलचे अध्यक्ष होते विजय अमृतराज.

हंटचं २००६ मध्ये निधन झालं. रीयुनियन अरीना २००९ मध्ये पाडलं. २०२२ पासून डॅलसमध्ये पुन्हा एटीपीची बंदिस्त स्पर्धा सुरू झाली, तीही आधी त्याच विद्यापीठाच्या आवारात, पण तिचं जुन्या स्पर्धेशी नातं फक्त गावाचं.

एखादी स्पर्धा बंद पडली की आपण ‘अपयशी ठरली’ म्हणतो. मला डॅलसबद्दल तसं म्हणवत नाही. ती ज्या कामासाठी जन्माला आली ते काम झालं म्हणून ती संपली. खेळाडूने पैसे मागणं ही लाज नाही, हे तिने जाहीर फलकावर लिहिलं. ते सगळ्यांनी मान्य केल्यावर फलकाची गरज राहिली नाही. आणि मालकाविना आपण खेळ चालवू शकतो असं ज्यांना वाटायला लागलं, ते खेळाडू तिच्याच हॉलमध्ये वाढले होते. हंटने त्यांना बाजारात आपली किंमत दाखवली. मग त्यांनी ती किंमत लावायचा अधिकारही मागून घेतला.

हिशेब पूर्ण स्वच्छ आहे असंही नाही. आजही जगात शंभरच्या आतला खेळाडू कमावतो, तीनशेच्या पुढचा विमानाच्या तिकिटाची जुळवाजुळव करतो. पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीला एटीपीची स्पर्धा झाली, आता ती नाही. वेळापत्रकातली जागा हा आज विकता-हलवता येणारा माल आहे. हीसुद्धा डॅलसचीच देणगी.

२०१८ मध्ये मी आजोबांना बालेवाडीला नेलं होतं. बाहेरच्या एका कोर्टावर एक मोठा खेळाडू सराव करत होता आणि त्याला बॉल द्यायला एक स्थानिक मुलगा होता. आजोबा खेळाडूकडे बघतच नव्हते, त्या मुलाकडे बघत होते. “चांगला टायमिंग आहे त्याचा,” म्हणाले. थोड्या वेळाने मुलगा टॉवेलने तोंड पुसत आमच्या बाजूला आला. आजोबांनी त्याला जाळीजवळ बोलावलं.

तेव्हा मला त्यांच्या प्रश्नाची लाज वाटली होती. दोन वर्षांनी, लॉकडाउनमध्ये, रोजवॉलबद्दल त्यांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा वाटली नाही.

“बाळा,” त्यांनी त्या मुलाला विचारलं होतं, “तुला किती देतात रे? आणि इथल्या स्पर्धेत नाव घालू देतात ना?”

मुलगा जरा गोंधळला. मग म्हणाला, “देतात की आजोबा. मी गेल्या महिन्यातच खेळलो एक. पहिल्या राउंडला हरलो.”

“हरू दे,” आजोबा म्हणाले. “यादीत नाव होतं ना.”